फाईल कुठं जाणार, ते आधी बघ

बाळा, ऑफिससाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून तू चार जणांना विचारून आलास आणि चार उत्तरं घेऊन आलास. दुकानदार म्हणतो विंडोज घ्या, त्यात ऑफिस टाकूनच देतो. सीएकडचा मुलगा म्हणतो टॅली चाललं म्हणजे झालं. पुण्याला आयटीत असलेला तुझा मित्र म्हणतो लिनक्स टाक, एक रुपया लागत नाही. कुणाच्या तरी दिमाखदार मॅकवरही तुझी नजर गेलीय. सगळे आपापल्या जागी खरंच सांगत असतील, पण तुझ्या शेडमधून रोज कुठले कागद बाहेर जातात हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. म्हणून मशीनचं नाव तूर्त बाजूला ठेव. एक वही घे आणि तुझी फाईल कुणाकुणाकडं जाणार आहे, त्याची यादी कर. जो समोर बसून तुझी फाईल उघडणार आहे, त्याच्याकडं काय आहे यावर तुझी निवड ठरते. इतकी वर्षं शिक्रापूरला टायपिंगचा क्लास घेतला, नंतर इथल्या वर्कशॉपांचे कागद सांभाळले, त्यातून मला एवढं एक पक्कं कळलंय.

आपल्या सणसवाडीतल्या प्रेसच्या, फॅब्रिकेशनच्या, पॅकिंगच्या शेडचा माल नगर रोडनं एकीकडं रांजणगावला जातो, नाहीतर शिक्रापूरवरून वळून चाकणला. ज्याला माल द्यायचा त्याचा कागद त्याच्याच पद्धतीनं भरावा लागतो. तुझा पहिला पार्ट मंजूर व्हायचा असेल, तर तुला पीपीएपी, म्हणजे मंजुरीच्या कागदांचा संच, द्यावा लागेल. त्यात अठरा घटक असतात. प्रोसेस फ्लो, पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन, मापांचा रिपोर्ट, मटेरियलचं सर्टिफिकेट, सगळं त्यातच येतं. यातले बरेचसे फॉरमॅट कस्टमर स्वतः पाठवतो आणि ते एक्सेलमध्ये असतात. वर लोगो, खाली सह्यांचे रकाने, मधे जोडलेल्या चौकटी, काही ठिकाणी ड्रॉप-डाऊन, आणि शीटला पासवर्ड. अशी फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, भरतासुद्धा येते. पण लोगो सरकतो, एका पानात बसणारा तक्ता दीड पानाचा होतो, मॅक्रो असेल तर तो चालेलच असं नाही. आणि समोरचा क्वालिटीवाला ती एक्सेलमध्येच उघडणार. त्याला फाईल विस्कटलेली दिसली, तर तो पार्ट बघण्याआधी फाईल परत पाठवतो. म्हणून क्वालिटीच्या टेबलावरच्या मशीनला खरं, विकत घेतलेलं एमएस ऑफिस पाहिजे. इथं काटकसर करू नकोस.

विकत घेताना डब्यावरचं किंवा बिलावरचं नाव मात्र नीट वाच. जुन्या लॅपटॉपबरोबर ‘होम अँड स्टुडंट’ नावाचं ऑफिस यायचं, ते धंद्यासाठी वापरायचा परवाना त्यात नसतो. ‘होम अँड बिझनेस’ चालतं. एकदाच पैसे भरायची आवृत्ती मिळते आणि दरवर्षी भाडं भरायचीही मिळते. एकाच मशीनवर एकच माणूस बसणार असेल, तर एकदाची बरी. भाड्याचं घेतलंस तर ते भाडं कुणाच्या कार्डावरून, कुठल्या तारखेला जातं ते लिहून ठेव, नाहीतर ऑडिटच्या आदल्या दिवशी फाईल फक्त वाचता येते, बदलता येत नाही.

आता सरकारी कागद. लोकांची समजूत असते की सरकारी काम म्हणजे विंडोजच लागणार. एकेक बघ, म्हणजे तुझं तुलाच दिसेल. जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, ई-इनव्हॉइस हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. एकदम पुष्कळ बिलं चढवायची तर जेएसओएन फाईल लागते, ती तुझं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर काढून देतं. पीएफचं रिटर्न, ज्याला आपण ईसीआर म्हणतो, ती तर साधी टेक्स्ट फाईल. एका कामगाराची एक ओळ, आणि दोन आकड्यांमधे #~# अशी खूण. युएएन, नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, असं करत शेवटी गैरहजेरीचे दिवस आणि ॲडव्हान्सचा परतावा. ही फाईल नोटपॅडमध्ये उघड की लिनक्सच्या एडिटरमध्ये, तिला फरक पडत नाही. ईएसआयचा तक्ता मात्र जुन्या एक्सएलएस प्रकारातला लागतो, नवीन एक्सएलएसएक्स नाही. लिब्रेऑफिसमध्येही ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ९७–२००३चा पर्याय असतो, तो निवडला की काम होतं. फाईल चढत नाही म्हणून रडकुंडीला येणारी पोरं मी बघितलीत, आणि कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग विंडोजवाचून कुठं अडतं? तीन-चार ठिकाणी. टॅली विंडोजसाठीच बनतं. दुसरीकडं चालवायच्या युक्त्या आहेत, पण महिन्याच्या वीस तारखेला युक्त्या नकोत. डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि सही करणारा छोटा प्रोग्रॅम विंडोजवर सहज बसतो, दुसरीकडं बसवायला माहीतगार माणूस लागतो. इन्कम टॅक्सची एक्सेलची युटिलिटी मॅक्रोवर चालते, पण ते काम सीएच्या मशीनवर होऊ दे. हजेरीच्या बोटवाल्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजचं असतं. आणि डिझाइनसाठी सॉलिडवर्क्स घेणार असशील, तर तेही फक्त विंडोजवर. मॅकचा विचार आत्ता सोडून दे. छान मशीन आहे, छपाईच्या, व्हिडिओच्या कामाला लोक हौसेनं घेतात, पण टॅली आणि टोकनच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक. तू प्रायव्हेट लिमिटेड करणार आहेस ना? कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून असा नियम आहे की हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याची खूण आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. कंपनीचे हिशोब एक्सेलमध्ये मांडून भागण्याचे दिवस त्यामुळं संपले. टॅलीची जुनी आवृत्ती कुणी पेनड्राइव्हवरून टाकून देतो म्हणाला, तर ‘नको’ म्हण. टॅलीऐवजी दुसरं काही घेणार असशील, तर पहिला प्रश्न हाच विचार की ऑडिट ट्रेल आहे का, आणि दुसरा हा की उद्या सोडून जायचं झालं तर माझी सगळी खाती एक्सेलमध्ये काढून मिळतील का. दुसऱ्या प्रश्नावर जो विषय बदलतो, त्याचं सॉफ्टवेअर घेऊ नकोस.

म्हणजे हिशोबाचं एक मशीन आणि क्वालिटीचं एक मशीन, दोन्ही विंडोजची. स्टोअरचं, गेटचं, डिस्पॅचचं आणि तुझं स्वतःचं पत्रव्यवहाराचं, यांना लिब्रेऑफिस पुरून उरतं. २८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते निघालं आणि अजून दरवर्षी नवीन आवृत्ती येते. एका शीटमध्ये दहा लाखांवर ओळी बसतात, एक्सेलइतक्याच. व्हीलुकअप, पिव्हट, सगळं आहे. मराठीत मेनूसुद्धा करून घेता येतो, बारावी झालेल्या स्टोअरच्या पोराला त्याचा आधार वाटतो. फक्त सेटिंगमध्ये जाऊन फाईल नेहमी एक्सएलएसएक्समध्येच सेव्ह होईल असं करून ठेव. तसं नाही केलं तर ती ओडीएसमध्ये जाते आणि समोरचा म्हणतो, ‘साहेब, तुमची फाईल उघडत नाहीये.’

आता एक गोष्ट मी तुला बारकाईनं सांगणार आहे, कारण इथं विंडोज-लिनक्सपेक्षा जास्त नुकसान होतं. युएएन बारा आकड्यांचा असतो. एक्सेलच्या साध्या चौकटीत तो टाईप केलास की अकरापेक्षा जास्त आकडे दिसले म्हणून एक्सेल त्याला आखूड करून दाखवतं, १.०१ई+११ असं काहीतरी. तोवर बिघडलेलं काही नसतं, आत आकडा पूर्ण असतो. पण ती शीट तशीच सीएसव्हीमध्ये सेव्ह केली की जे दिसतंय तेच फाईलमध्ये उतरतं, आणि बाकीचे आकडे कायमचे जातात. सगळ्या कामगारांचा युएएन एकसारखा दिसायला लागतो. बँकेच्या खाते क्रमांकाचं तसंच, पुढची शून्यं उडतात. सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर आणखी वाईट, कारण एक्सेल पंधराच आकडे खरे धरतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. पगार दुसऱ्याच्या खात्यात जायला एवढं पुरतं. म्हणून युएएन, खाते क्रमांक, पार्ट नंबर, आधार, हे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करायचे आणि मग टाईप करायचं. उलट केलं तर उपयोग नाही. लिब्रेऑफिसचा इथं एक मोठा गुण आहे. सीएसव्ही उघडताना ते आधी एक खिडकी दाखवतं आणि कुठला रकाना आकडा, कुठला मजकूर, कुठला तारीख, हे तुला विचारतं. एक्सेलमध्ये फाईलवर दोनदा टिचकी मारली की ते न विचारता उघडतं आणि स्वतःच ठरवून टाकतं. बँकेकडून, पोर्टलवरून आलेल्या सीएसव्ही मी नेहमी लिब्रेऑफिसमध्येच उघडते.

तारखेचंही असंच. नवीन मशीनवर बऱ्याचदा रीजन ‘युनायटेड स्टेट्स’ असतं, ते पहिल्याच दिवशी ‘इंग्लिश (इंडिया)’ कर. नाही केलंस तर ५/७ म्हणजे पाच जुलै तू लिहितोस आणि मशीन सात मे समजतं. शेड्यूलच्या शीटमध्ये हे ओळखायची खूण सांगते. तारखांचा रकाना बघ. बारापर्यंतचे दिवस उजवीकडं चिकटलेले आणि तेरापासूनचे डावीकडं चिकटलेले दिसले, तर समज की मशीननं अर्ध्या तारखा उलट्या वाचल्यात आणि अर्ध्या वाचल्याच नाहीत. अशा शीटवरून डिस्पॅच लावू नकोस. रीजन बदलल्यावर आकड्यांतले स्वल्पविरामही लाख-कोटीच्या जागी येतात, ते वेगळं.

मराठीचा विषय मी मुद्दाम मधेच घेतेय, कारण तुझ्या यादीत तो नाही, आणि असायला पाहिजे. शेडमध्ये सुरक्षेच्या सूचना लावशील, रजेचे अर्ज घेशील, ग्रामपंचायतीला पाणीपट्टीवरून पत्र देशील, कामगारांची नावं लिहिशील. तुझ्याकडं मराठवाड्यातली पोरं आहेत, विदर्भातली आहेत, बिहारचीही येतील. हे सगळं देवनागरीत होणार. तेव्हा एकच नियम: जे लिहायचं ते युनिकोडमध्ये.

हे इतक्या ठामपणे का सांगते ते ऐक. मशीनच्या टाईपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलो तेव्हा मराठी लिहायची म्हणजे श्रीलिपी, आकृती नाहीतर सीडॅकचं आयएसएम. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं, सीडॅकही पुण्याचंच. त्या काळात विंडोजला देवनागरी येतच नव्हती, तेव्हा या लोकांनी मराठी पडद्यावर आणली. वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका, सगळं त्यावर निघालं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण आत व्यवस्था अशी होती की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा नुसता गोंधळ. आणि एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या कामाचा नाही. पतसंस्थांचे ठराव, सोसायट्यांची इतिवृत्तं, शाळांचे दाखले अशा कितीतरी फाईली आज कपाटातल्या सीडीवर आहेत आणि उघडल्या तरी वाचता येत नाहीत. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून काढल्यावर रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं फुटतात. ओळन् ओळ वाचून दुरुस्त करावी लागते, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोजवर लिहिलेलं लिनक्सवर तसंच दिसतं, मोबाईलवर तसंच दिसतं, शोधता येतं, क्रमानं लावता येतं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिक आणि तुझ्या ऑफिसातल्या मुलीलाही शिकव. ती रचना विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडं सारखी आहे, मशीन बदललं तरी बोटं बदलायला लागत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवायची सोयही विंडोजमध्ये आहे, घाईत तीही चालेल. पण नावांची यादी करताना एक लक्षात ठेव. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ यातला र दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. आतून ते वेगळे असतात. हजेरीच्या यादीत एक पद्धत आणि पगाराच्या यादीत दुसरी असली, तर ‘ऱ्ह’ असलेल्या आडनावाचा माणूस व्हीलुकअपला सापडतच नाही, त्याचा पगार कोरा राहतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. सगळ्यांनी असंच लिहायचं, हे पहिल्या दिवशी ठरवून टाक. मुळात यादी जुळवायची ती कामगाराच्या नंबरावरून, नावावरून नाहीच.

फॉन्टसाठी पैसे घालू नकोस. विंडोजमध्ये मंगल मिळतोच, पण त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मराठी वळणाची अक्षरं असलेला यशोमुद्रा राज्य मराठी विकास संस्थेनं फुकट दिलाय, आणि मुक्तासारखे नव्या घडणीचे फॉन्टही मोफत मिळतात. शेडच्या दारावरची पाटी किंवा फ्लेक्स करायला दिलास, तर तो फ्लेक्सवाला जुन्या पेजमेकरमध्ये श्रीलिपीतच करेल. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याचं त्याला करू दे, तू मजकूर युनिकोडमध्ये दे आणि आपल्याकडं तीच प्रत ठेव.

आता जुन्या मशीनचं. पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, तुझ्या डोळ्यापुढं तेच असणार. घे, पण आत काय आहे ते वाचून घे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण चोरवाटा बुजवणारे अपडेट येणं थांबतं. थोडी मुदत वाढवून मिळते, तीही पुरी होईल. विंडोज ११ ला टीपीएम २.० पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. पिढी ओळखायची कशी? ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’च्या पुढचा आकडा बघ. ७५०० असेल तर सातवी, ६१०० असेल तर सहावी, ८४०० असेल तर आठवी. विकणारा ‘आय-सेव्हन आहे साहेब’ म्हणेल, तू पुढचे चार आकडे विचार. सहावी-सातवी पिढी स्वस्तात मिळत असेल, तर ती गेटवर आणि स्टोअरमध्ये लिनक्स मिंट टाकून वापरायची. इनवर्ड रजिस्टर, चलन, मेल, पीडीएफ, एवढ्याला चार जीबी रॅमचं मशीनही भागवतं, आणि आठ असली तर छानच. मिंट बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. तेव्हाच प्रिंटर लावून एक चलन छापून बघ. आपल्याकडच्या ऑफिसांत जागोजागी दिसतो तो कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर त्रास देतो. एचपीचे बहुतेक सहज लागतात.

ओरिजिनल नसलेलं विंडोज आणि तोडलेलं ऑफिस शेडमध्ये आणूच नकोस. पैशांची अडचण असेल तर लिब्रेऑफिस आहे, लिनक्स आहे, चोरीचं वापरायचं कारणच उरत नाही. शिवाय ते तोडायला जो प्रोग्रॅम चालवतात, त्याला चालू द्यायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, तिथंच दार उघडं पडतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि फिरत फिरत जहाजवाल्या मर्स्क कंपनीच्या मशीनांत पोचला. आपल्या उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्यांच्या गटाचं टर्मिनल आहे, तिथलं काम कोलमडलं. हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेली गोष्ट बंदरातल्या कंटेनरपर्यंत गेली. ते दोन्ही विंडोजवरचे होते, पण म्हणून लिनक्सवाल्यानं निर्धास्त राहावं असं नाही, पासवर्ड कुणाला दिला तर तिथंही कुलूप उघडतंच. आणि एखादं जुनं सीएनसी मशीन घेतलंस, ज्याच्या शेजारी एक्सपीचा डबा आहे, तर त्याला इंटरनेट लावायचंच नाही. प्रोग्रॅम पेनड्राइव्हनं ने, आणि ती पेनड्राइव्ह दुसऱ्या कशालाही वापरू नकोस.

ऑनलाइन ऑफिसचं म्हणशील तर डिस्पॅचसाठी वापर. गाडी शिक्रापूरच्या चौकात अडकली असली तरी ड्रायव्हरच्या फोनवरून शीट भरता येते, हे मोठंच सुख आहे. गूगलचं घे, नाहीतर चेन्नईच्या झोहोचं घे. पण खातं फर्मच्या नावाचं पाहिजे. एका शेडमध्ये डिस्पॅचच्या पोरानं सगळ्या शीट स्वतःच्या जीमेलवर केल्या होत्या, आणि तो दुसरीकडं लागला तेव्हा मालकाला स्वतःच्या मालाचा हिशोब त्याच्याकडं मागायला जावं लागलं. कामावर घेतानाच फर्मचा मेल दे, सोडताना पासवर्ड बदल. कस्टमरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं शेड्यूल त्याच दिवशी फोल्डरमध्ये तारखेच्या नावानं उतरवून ठेव, काही दिवसांनी तिथून ते उतरत नाही. दर आणि ड्रॉइंग मात्र ऑनलाइन शीटवर नको.

तुझा तो आयटीतला मित्र सगळंच लिनक्स कर म्हणतो, त्याला जर्मनीतल्या म्युनिकची गोष्ट माहीत असेल. त्या शहरानं २००३ मध्ये ठरवून दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास मशीन लिनक्सवर नेली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं जायचं ठरवलं. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये तीस हजार मशीनवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं. दोन्हीकडचे लोक काही वेडे नव्हेत. मला यातून एवढंच दिसतं की एका दिवसात सगळं बदलू नये. आधी ऑफिस सूट बदल, विंडोजवरच लिब्रेऑफिस टाक, माणसांची बोटं रुळू दे. सहा महिन्यांनी गेटचं मशीन मिंटवर ने. हिशोबाचं मशीन सगळ्यात शेवटी, आणि नाही नेलंस तरी काही बिघडत नाही. आणि बदल करायचा तो मार्चमध्ये नाही. मार्चमध्ये कसलाही नवा प्रयोग करायचा नाही, साधं अपडेटसुद्धा आधी एका मशीनवर घेऊन बघायचं.

शिकवण्यात मन लाव बाळा. माझ्या क्लासला येणाऱ्या मुली एमएस-सीआयटी करून यायच्या आणि बटण कुठं आहे ते पाठ करून यायच्या. मेनू बदलला की अडून बसायच्या. तुझ्या ऑफिसातल्या मुलीला बटण दाखवू नकोस, ‘ही बेरीज का करायची, ही शीट कुणाकडं जाणार’ ते सांग. मग ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रस्ता काढते. तिला आठवड्यातून एक तास शिकण्यासाठी मोकळा दे, तो पगारातच धर.

शेवटी बॅकअप. टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची, लावून ठेवली तर व्हायरस तिच्यावरही जातो. दुसरी एक डिस्क घरी, आठवड्याला अदलाबदल. टोकनचा पिन, पोर्टलचे पासवर्ड, परवान्यांचे नंबर एका कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेव, आणि टोकनची मुदत कधी संपते ती तारीख त्याच्यावर मोठ्या अक्षरात. महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क क्वालिटीच्या मशीनला लाव, टॅलीत रिस्टोअर कर, आणि आदल्या दिवशीचं शेवटचं बिल तिथं दिसतं का ते स्वतः उघडून बघ. मुलगी ‘झालाय’ म्हणाली तरी तू बघ.